हरलेल्या मताची बाकी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सचिव साहेबांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. बँकेत ३८ वर्षे काढलेला माणूस वेळेला पक्का असतो, असा त्यांचा समज दिसतो. तो खोटा ठरणार नाही याची काळजी घेतो.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, २६ जानेवारीचे झेंडावंदन या सगळ्यांबद्दल छान सांगितले. बोअरवेल आणि लिफ्ट यांचाही इतिहास झाला. मी एकाच उपक्रमाबद्दल बोलणार आहे. ना त्याला वर्गणी, ना पावतीपुस्तक, म्हणून ऑडिटमध्ये तो कधी दिसला नाही. तो म्हणजे आपला ‘महिन्याचा सिनेमा’.

नवीन राहायला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी गेटवरच्या डब्यात ज्याने त्याने आपल्याला हव्या त्या सिनेमाच्या नावाची चिठ्ठी टाकायची. संध्याकाळी मोजणी. ज्या सिनेमाला जास्त मते, तो महिन्याभरात ज्याने त्याने आपापल्या घरी बघायचा. ज्याच्याकडे सोय नाही त्याने शेजाऱ्याकडे जाऊन बघायचा. आणि शेवटच्या शनिवारी संध्याकाळी इथे, या गच्चीवर, सतरंज्या टाकून त्यावर बोलायचे. बस्स. एवढेच.

याची सुरुवात झाली २०२० च्या टाळेबंदीत. आठवते ना? दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागले होते आणि सगळे आपापल्या बाल्कनीत उभे राहून समोरच्या बाल्कनीशी बोलून राहिले होते. एक दिवस तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, “काका, काल कोणता सिनेमा पाहिला?” मी म्हटले, “मी एक पाहिला, हिने दुसरा पाहिला, मुलगा तिसराच पाहून राहिला होता आणि नातू कानात बोळे घालून चौथा.” बोललो गमतीने, पण रात्री झोप लागेना. चार माणसांच्या घरात चार सिनेमे! मग सकाळी चहाला बोलायचे कशावर?

आमच्या तरुणपणी असे नव्हते. व्हरायटी, पंचशील, लिबर्टी, अलंकार, जानकी ही नागपूरच्या टॉकीजची नुसती नावे नव्हती. एखादा सिनेमा लागला की अख्खे ऑफिस तो पंधरा दिवसांत बघून यायचे आणि काउंटरच्या आत त्यावर भांडणे व्हायची. कॅशियर एका बाजूला, हेडक्लार्क दुसऱ्या बाजूला. आज ऑटोवाल्याला व्हरायटी चौक म्हटले की तो बरोबर सोडतो, पंचशील चौक म्हटले तरी सोडतो. टॉकीजचे नाव चौकाला राहिले, पण एकच सिनेमा पाहून भांडणारी माणसे गेली. ती आपल्या सोसायटीत परत आणावी, एवढाच विचार होता.

हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९१३ साली ३ मे रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हापासून आपण सिनेमा बघतो आहोत. पण बघून झाल्यावर बसून बोलायचे, ही रीत फिल्म सोसायट्यांनी लावली. लंडनला १९२५ मध्ये अशी संस्था निघाली. आपल्याकडे १९४७ मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी मित्रांना घेऊन कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. रायसाहेबांचा ‘पथेर पांचाली’ आला १९५५ मध्ये. म्हणजे आठ वर्षे आधी हा माणूस मित्रांबरोबर बसून दुसऱ्यांचे सिनेमे बघत होता आणि त्यावर वाद घालत होता. १९५९ मध्ये देशातल्या अशा संस्थांचा महासंघ झाला, त्याचे अध्यक्षही तेच. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथून अशा संस्थांना सिनेमे मिळत.

बँकेच्या प्रशिक्षणासाठी मी काही आठवडे पुण्याला होतो. तिथे एका मित्राने मला अशा एका खेळाला नेले. पत्र्याच्या डब्यातून रिळे आली होती. मध्येच मशीन थांबले, दिवे लागले आणि रीळ बदलेपर्यंत लोक बोलत बसले. सिनेमा कोणता होता ते मी आज विसरलो आहे. लोक काय बोलत होते ते मात्र अजून आठवते. आपल्या उपक्रमाचे बी तिथले आहे.

आता कामाचे बोलतो. सिनेमा कोणता बघायचा हे ठरवायचे कसे?

पहिली निवड झाली जानेवारी २०२१ मध्ये, तोंडाला मास्क लावून. मी म्हटले, आपण सहकारी संस्था आहोत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एक मत. तेव्हा एका फ्लॅटचे एक मत. मुलीने पुण्याहून आणलेल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा होता, त्याला वरून फट पाडली, बारीक कुलूप लावले, किल्ली माझ्या जानव्याला नाही, पण खिशाला. ३६ फ्लॅट, ३६ चिठ्ठ्या. मोजणी झाली, मी मोठ्या ऐटीत निकाल जाहीर केला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. त्यांचे वाक्य मी शब्दशः सांगतो. “भाऊजी, मेंटेनन्स फ्लॅट भरतो, मीटिंगला फ्लॅटचं एक मत, कबूल. पण सिनेमा काय फ्लॅट बघून राहिला का?”

गच्चीवर जो हशा झाला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ३६ चिठ्ठ्या मी पुन्हा पाहिल्या. जवळजवळ सगळ्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाताच्या. घरात कोणी कोणाला विचारले असेल असे वाटेना. माझ्या फ्लॅटची चिठ्ठी तर मीच लिहिली होती आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

फेब्रुवारीपासून नियम बदलला. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक मत. सभासद असो, भाडेकरू असो, चौकीदार भाऊंचे कुटुंब असो. एक-दोघांनी कुरकूर केली की भाडेकरूला मत कसे? त्यांना काकूंचेच वाक्य ऐकवले.

पण लोकशाहीचा दुसरा धडा लगेच मिळाला. आपल्याकडे पोट्टे जास्त आणि एकजूट पक्की! खाली क्रिकेट खेळतानाच त्यांचे नाव ठरायचे. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांत मारधाडीचे सिनेमे आले. पहिला मी पूर्ण पाहिला, दुसरा पाहता पाहता घोरलो. म्हातारे म्हणू लागले, आमच्या चिठ्ठीला अर्थ काय? हरणारच आहे तर जिना उतरायचा कशाला? मार्चमध्ये चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या.

एप्रिल-मे २०२१ मध्ये डबा बंदच राहिला. त्या दोन महिन्यांबद्दल मी काही बोलत नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जूनमध्ये डबा पुन्हा गेटवर ठेवला तेव्हा मी एक नवा नियम मांडला, आणि तो बँकेतून आणलेला होता. बँकेत दिवसअखेर खाते बंद होत नाही. आजची बाकी उद्याला पुढे ओढली जाते. मग हरलेले मत केराच्या टोपलीत का? ज्या सिनेमाला या महिन्यात चार मते पडली आणि तो हरला, त्याची चार मते पुढच्या महिन्यात त्याच्या नावावर जमा राहतील. पुढच्या महिन्यात तीन पडली की सात. जिंकला की खाते शून्य. अट एकच. खाते चालू ठेवायचे तर दर महिन्याला किमान एक तरी नवी चिठ्ठी पडलीच पाहिजे. एखाद्या महिन्यात एकही पडली नाही, तर मागची सगळी बाकी बुडाली.

पोट्ट्यांनी विरोध केला. मी म्हटले, “बापूहो, आज तुम्ही पंधरा आहात. उद्या शिकायला पुण्या-बंगलोरला जाल, मग तुमच्यातला इथे उरलेला एकटा काय करेल?” नियम मंजूर झाला.

दुसरा एक नियम इंजिनिअर साहेबांच्या सूनबाईंनी सुचवला. चर्चेच्या दिवशी ज्यांनी त्या सिनेमाला मत दिले नव्हते, त्यांनी आधी बोलायचे. प्रत्येकी तीन मिनिटे. जिंकणारे शेवटी. त्यामुळे काय झाले की जिंकणाऱ्यांना मुकाट्याने ऐकायची सवय लागली. आपल्या वार्षिक सभेत हा नियम लावता आला तर किती बरे होईल, पण ते असो.

या चार वर्षांत काय काय पाहिले त्याची पूर्ण यादी माझ्या रजिस्टरमध्ये आहे. दोनच आठवणी सांगतो.

एकदा ‘एक रुका हुआ फैसला’ आला. बासू चॅटर्जींचा, १९८६ चा. मूळ अमेरिकन सिनेमा सिडनी ल्युमेट यांचा, १९५७ चा. एका खोलीत बारा माणसे. एका पोराला खुनी ठरवायचे की नाही. पहिल्या मतदानात अकरा एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. तो एकटा म्हणत नाही की पोरगा निर्दोष आहे. तो एवढेच म्हणतो की थोडे बोलू या. त्या रात्री गच्चीवर दहावीतल्या एका मुलीने विचारले, “आजोबा, तो एकटा उठून घरी गेला असता तर?” कोणी उत्तर दिले नाही. मला वाटते, आपल्या बाकीच्या नियमाला खरे समर्थन त्या दिवशी मिळाले.

दुसरी आठवण ‘झुंड’ची. नागराज मंजुळे यांचा सिनेमा, अमिताभ बच्चन, २०२२. गोष्ट आपल्या नागपूरची. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवला, त्यावर बेतलेली. आजवरची सर्वात जास्त मते त्याला पडली, ४१. चर्चेच्या दिवशी सगळे कौतुक करत होते. हा रस्ता आमच्या ओळखीचा, ही भाषा आमची. तेवढ्यात चौकीदार भाऊंचा मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, “सिनेमातल्या भिंतीबद्दल सगळे बोलले. आपल्या मागच्या भिंतीवरून पोरांचा चेंडू आत येतो, तो मागच्या वर्षीपासून आपण परत देत नाही. मीटर रूममध्ये नऊ चेंडू आहेत.” आणि तो बसला. त्या रात्री ठराव वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर रूममध्ये एकही चेंडू नव्हता. कोणी परत टाकले ते आजपर्यंत कोणी सांगितले नाही.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो आहे तिकडे येतो. हे सांगण्याआधी सौभाग्यवतीची परवानगी घेतली आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने दोन अटी घातल्या. वाढवून सांगायचे नाही आणि डोळे पुसायचे नाहीत.

जून २०२१ ची, म्हणजे नव्या नियमाची पहिली मोजणी. चिठ्ठ्या उलगडता उलगडता एक आली, ‘उंबरठा’. एकच मत. मी रजिस्टरात लिहिले, उंबरठा, १. जुलैमध्ये पुन्हा एक. बाकी २. ऑगस्टमध्ये पुन्हा एक. बाकी ३.

मतदान गुप्त होते. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही, हा नियम मीच केलेला. पण ज्याने आयुष्यभर चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या, त्याच्या डोळ्यांना कसे थांबवणार? त्या चिठ्ठीतला ‘उ’ खाली जरा लांब शेपूट काढून वळवलेला होता. तो ‘उ’ मी दर महिन्याला किराण्याच्या यादीत पाहतो. उडीद डाळ, अर्धा किलो.

पहिल्याच महिन्यात मी ओळखले आणि काही बोललो नाही. स्वतःला सांगितले की मतदान गुप्त असते, विचारणे बरोबर नाही. हे कारण खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते.

‘उंबरठा’ बऱ्याच जणांनी पाहिला आहे. जब्बार पटेल यांचा, १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. स्मिता पाटील त्यात सुलभा महाजन आहे. चांगले घर, वकील नवरा, लहान मुलगी. तिला काम करायचे असते. घरच्यांची नाराजी पत्करून ती दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. नवऱ्याचे काम गिरीश कार्नाडांनी केले आहे. तो काही मारहाण करणारा, दारू पिणारा नवरा नाही. सुसंस्कृत, समजूतदार माणूस आहे. हेच मला त्रास देत होते.

आम्ही दोघांनी तो सिनेमा त्याच वर्षी इथेच टॉकीजमध्ये पाहिला होता. परत येताना स्कूटरवर ती काही बोलली नाही. मी मात्र गाण्याचे कौतुक करत होतो. त्यातले एक गाणे सुरेश भटांचे, आपल्या विदर्भाचे, नागपुरात राहणारे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, आवाज लताबाईंचा. मी तेच गुणगुणत घरी आलो.

दर महिन्याला एक. बाकी ४, ५, ६. मला माहीत होते की ही बाकी एक दिवस पूर्ण होणार. बँकेत आम्ही आवर्ती ठेव म्हणतो ना, तशी. महिन्याला एक हप्ता, कधी चुकवायचा नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मुलीकडे पुण्याला गेली. पहिला रविवार ६ तारखेला होता. त्याच दिवशी सकाळी लताबाई गेल्याची बातमी आली. काहींनी सुचवले की मोजणी पुढे ढकलू. मी म्हटले, नको, तारीख ती तारीख. आज इतक्या लोकांसमोर कबूल करतो, त्या घाईत माझा स्वार्थ होता. ही पुण्याला, म्हणजे या महिन्यात चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे आठ महिन्यांची बाकी बुडाली. नियमाप्रमाणे बुडाली, माझा हात न लागता. मला हलके वाटत होते.

डबा उघडला. जुन्या जुन्या सिनेमांच्या बऱ्याच चिठ्ठ्या त्या दिवशी होत्या, लताबाईंच्या गाण्यांचे म्हणून. आणि सर्वात खाली, चार घड्या घातलेली, शेपटीचा ‘उ’. जाण्याआधी तिने ती चौकीदार भाऊंच्या मुलीजवळ देऊन ठेवली होती. रजिस्टरात लिहिले, उंबरठा, १, बाकी ९. लिहिताना हात जड झाला. बँकेत माझ्या टेबलावरून कधी एक रुपयाचा फरक निघाला नाही. आणि इथे मी एका माणसाची बाकी बुडावी म्हणून मनातल्या मनात वाट बघत होतो. ते माणूस माझ्या घरातले.

पुढे सात महिने असेच गेले. ऑक्टोबर २०२२. पहिला रविवार २ तारखेला. नवरात्र चालू, तीन दिवसांवर दसरा. काही जण गावाला, पोरी गरब्याला, काही घरे दीक्षाभूमीवर येणाऱ्यांच्या भोजनदानाच्या तयारीत. चिठ्ठ्या कमी पडल्या आणि त्याही विखुरल्या. बेरीज केली. दुसऱ्या क्रमांकाला १५. पहिल्या क्रमांकाला १७, त्यातली १६ मागची बाकी आणि १ त्या दिवसाची.

मी जाहीर केले, “या महिन्याचा सिनेमा, उंबरठा.” पोट्टे म्हणाले, “काका, एका मताने जिंकला?” मी म्हटले, “नाही. सतरा मतांनी जिंकला.”

२९ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळी आटोपली होती. घरोघरचा उरलेला चिवडा आणि चकल्या गच्चीवर आल्या होत्या. नियमाप्रमाणे ज्यांनी मत दिले नव्हते ते आधी. म्हणजे सगळेच! कोणी म्हणाले, सिनेमा जुना झाला, आता काळ बदलला. एक भाऊ म्हणाले, तिने मुलीला सोडून जायला नको होते. त्यांच्या मिसेस तिथेच म्हणाल्या, “तुम्ही दोन वर्षं दुबईला होते तेव्हा मुलगा कितीचा होता?” चर्चा चांगली रंगली. शेवटी सवयीने मी विचारले, “ज्यांचे मत होते, त्यांनी बोलायचे असेल तर...”

ती उभी राहिली. लोकांना आश्चर्य वाटले. मला नाही.

तिने जे सांगितले ते माझ्या रजिस्टरात आहे. बाकीच्यांचे मी एकेक ओळ लिहितो, तिचे पूर्ण लिहिले. ती म्हणाली, “१९८४ साली इथल्या एका शाळेत मला गणिताची शिक्षिका म्हणून कायमची ऑर्डर मिळाली होती. चार वर्षं तात्पुरती होते, मग कायम झाले. त्याच महिन्यात ह्यांना प्रमोशन मिळालं, अहेरीला बदली झाली. सुलभाला घरचे नको म्हणाले. तिला निदान भांडता तरी आलं. मला कोणी नको म्हटलं नाही. मला कोणी काही विचारलंच नाही. ह्यांनी पेढे आणले आणि सामान बांधायच्या पेट्या आणल्या. मी पेट्या भरल्या. माझी ऑर्डर कोणत्या पेटीत गेली ते मला आठवत नाही. सिनेमातल्या नवऱ्यावर सगळे रागावले. मला तो ओळखीचा वाटला. वाईट माणूस नाही. फक्त विचारत नाही.”

तीन मिनिटे झाली होती. मी घड्याळाकडे पाहिले नाही.

माझी सफाई देता आली असती. त्या काळी तसेच होते. प्रमोशन नाकारले तर पुढे मिळत नसे. दोन मुले, एक पगार पुरत नव्हता. सगळे खरे. पण त्यातला एकही मुद्दा तिच्या बोलण्याचे उत्तर नव्हता. १९८४ मध्ये मी तिला विचारले असते, तर कदाचित ती म्हणाली असती, चला, जाऊ या अहेरीला. तो निर्णय तोच राहिला असता. पण तो आमचा दोघांचा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी तिला विचारले, “तेव्हा तुला काय वाटलं होतं?” ३८ वर्षे उशिरा विचारलेला प्रश्न. ती म्हणाली, “आधी गॅस बंद करा, दूध उतू चाललं.” मग बसली आणि तासभर बोलली. ते मी इथे सांगणार नाही. तेवढे आमच्या दोघांच्या खात्यात राहू द्या.

त्या नोव्हेंबरपासून खालच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी गणिताचा वर्ग चालतो. भिंतीपलीकडची मुलेही येतात. हॉलची परवानगी तिने मला विचारून घेतली नाही. कार्यकारिणीला रीतसर अर्ज दिला, आणि मी तेव्हा कार्यकारिणीत नव्हतो! माझ्याकडे सतरंज्या घालायचे आणि फळा पुसायचे काम आहे. ते मी वेळेवर करतो.

मंडळी, माझे सांगणे एवढेच. पंचवीस वर्षांत या सोसायटीत किती मतदाने झाली! पार्किंगचे, पाण्याच्या टाकीचे, रंगाचे, सोलरचे. दर वेळी कोणी जिंकले, कोणी हरले. बहुमत लागतेच, नाहीतर काम होत नाही. पण इतिवृत्तात आपण काय लिहितो? “ठराव बहुमताने मंजूर.” जे हरले ते काय म्हणत होते, याची एक ओळही नाही. त्यांचे मत तिथेच बुडते. मग ती माणसे मीटिंगला येणे बंद करतात, आणि आपण म्हणतो, लोकांना रस राहिला नाही. घरातही तेच होते. तिथे तर मतदानही होत नाही.

म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांसाठी माझी एक सूचना आहे, सचिव साहेबांनी नोंद घ्यावी. हरलेल्या मताची बाकी पुढे ओढा. इतिवृत्तात एक ओळ लिहा, की अमुक जणांचे म्हणणे असे होते. कधीतरी ती बाकी पूर्ण होईल. नाही झाली तरी निदान कोणीतरी हिशेब ठेवला, एवढे त्या माणसाला कळेल.

माझी पंधरा मिनिटे झाली. चौकीदार भाऊ, डबा गेटवर ठेवला आहे ना? उद्या पहिला रविवार आहे. हल्ली डब्यात शेपटीच्या ‘उ’ची चिठ्ठी येत नाही. तिचा आता कोणता सिनेमा असतो ते मला कळले आहे. त्यालाही दर महिन्याला एकच मत पडते. नाव सांगणार नाही, मतदान गुप्त आहे.

पण या वेळी मी हिशेब करून पाहिला. दर महिन्याला दोन मते पडली, तर तो बराच लवकर येईल.

खाली सांबारवडी गरम आहे, जिना उतरताना गर्दी करू नका.